पेटला म्हणजे झालं का? शिडाच्या बोटीचे दिवे, एलईडी आणि कोनाचा एक पाठ

इयत्ता: सहावी-सातवी (जोडवर्ग)
विषय: गणित आणि सामान्य विज्ञान
घटक: कोनांची मापे, प्रकाश, विजेचा वापर
साहित्य: दोरी, चुना, मोठा कोनमापक, लाल-हिरवे-पांढरे कार्डशीट, लाल जिलेटिन कागद, जुना बल्बचा टॉर्च, मोबाईल, जुना रेडिओ



जुना बल्ब काढा, एलईडी लावा, वीज वाचवा. हे वाक्य आपण सगळेच वर्गात सांगतो. माझ्या वर्गात तर त्याचा तक्ताच लावलेला आहे. पण मागच्या शिमग्याला एका मुलीचे बाबा शाळेत आले आणि या वाक्यापुढे अजून एक वाक्य जोडायला हवं, हे मला कळलं.

हे पालक गोव्यात एका खाजगी मालकाची शिडाची बोट सांभाळतात. बोट साधारण ११ मीटरची. डोलकाठीच्या टोकावर एकच दिवा, त्याला लाल, हिरवी आणि पांढरी अशा तीन काचा. आतला जुना बल्ब बॅटरी खातो म्हणून त्यांनी बाजारातून त्याच मापाचा एलईडी बल्ब आणून बसवला. पांढराशुभ्र उजेड पडला, बॅटरी टिकायला लागली, मालकही खूश.

नंतर डिसेंबरच्या एका रात्री इंजिन बंद ठेवून ते शिडावर येत होते. डाव्या बाजूने एक ट्रॉलर आला. जाळी वर घेतलेली, मासेमारी संपवून बंदराकडे परतत होता. अशा वेळी इंजिनावर चालणाऱ्या बोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यायची असते. ट्रॉलर वळला नाही. अगदी जवळ आल्यावर यांनी टॉर्चचा झोत शिडावर मारला, सुकाणू फिरवलं आणि थोडक्यात निभावलं. बंदरात भेट झाल्यावर ट्रॉलरचा तांडेल म्हणाला, "तुमचा दिवा मला पांढरा दिसला. मला वाटलं तुम्ही माझ्या पुढे त्याच दिशेने चाललाय."

"बाईनू, दिवो पेटता ना? मगे आणि काय व्हया? असाच माका वाटलेला," असं म्हणत त्यांनी तो बल्ब माझ्या टेबलावर ठेवला. त्यांची मुलगी शेजारीच उभी होती. तिने विचारलं, "पण बाबा तर त्याला आडवे जात होते ना? मग पुढे चाललेत असं का वाटलं?"

त्या प्रश्नावर आम्ही चार तासिकांचा पाठ केला. तोच इथे देत आहे.

बोटीला दिवे कशाला?

आधी मुलांना विचारा. बहुतेक मुलं सांगतील, "अंधारात पुढचं दिसायला." गाडीचे दिवे त्यांच्या डोळ्यासमोर असतात. पण बोटीचे हे दिवे आपल्याला बघण्यासाठी नसतातच. ते दुसऱ्याला सांगण्यासाठी असतात: मी इथे आहे, माझं तोंड या दिशेला आहे, मी शिडावर आहे किंवा इंजिनावर आहे.

हे सांगणं जगभर एकाच पद्धतीने व्हावं म्हणून समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. त्यानुसार सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवे लावायचे. धुकं किंवा जोराच्या पावसामुळे नीट दिसत नसेल तर दिवसाही लावायचे.

कृती १: मैदानावर ३६० अंश

मैदानावर चुन्याने मोठं वर्तुळ काढा. मधोमध एका मुलाला उभं करा. तो झाला बोट. त्याचं नाक म्हणजे बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक. आता कोन मोजायचे:

- नाळेपासून उजवीकडे ११२.५ अंश: हिरवा
- नाळेपासून डावीकडे ११२.५ अंश: लाल
- मागच्या बाजूला १३५ अंश: पांढरा

मुलांना बेरीज करू द्या. ११२.५ + ११२.५ + १३५ = ३६०. कुठे फट नाही आणि कुठे रंगावर रंगही नाही. ११२.५ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो काटकोन अधिक साडेबावीस अंश आहे. बरोबर आडव्या रेषेच्या थोडं मागेपर्यंत बाजूचे दिवे दिसावेत म्हणून तसं ठरवलंय. (दशांश बेरजेला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.)

मधल्या मुलाच्या हातात रंगीत कार्डशीट द्या आणि बाकीच्यांना वर्तुळावरून फिरायला सांगा. प्रत्येकाने आपल्याला कुठला रंग दिसतो ते ओरडून सांगायचं. मग उलटा प्रश्न विचारा. "तुला लाल दिसतोय, तर बोटीची कुठली बाजू तुझ्याकडे आहे?" डावी. "लाल आणि हिरवा दोन्ही दिसतायत, म्हणजे?" बोट थेट माझ्याकडे येतेय! "फक्त पांढरा?" मी तिच्या मागे आहे, ती पुढे चाललीय.

इथे त्या मुलीला तिचं उत्तर मिळालं. तांडेलाला लाल दिसायला हवा होता. लाल म्हणजे "बोट आडवी जातेय, वाट दे". त्याला फिका, पांढरट उजेड दिसला. पांढरा म्हणजे "बोट पुढे चाललीय, गाठायला अजून वेळ आहे". दिवा पेटलेला होता, पण भलतंच सांगत होता.

शिडावर वेगळं, इंजिनावर वेगळं

हा भाग मोठ्या मुलांसाठी. शिडावर चालणारी बोट फक्त बाजूचे दोन आणि मागचा एक असे दिवे लावते. बोट २० मीटरपेक्षा लहान असेल तर हे तिन्ही रंग एकाच कंदिलात घालून डोलकाठीच्या टोकाला लावायची मुभा आहे. हाच तो तीन रंगी दिवा. (बल्ब ज्या काचेच्या पेटीत बसतो तिला या लेखात मी कंदील म्हणते.)

पण इंजिन चालू करून गिअर टाकला की शिडं उभी असली तरी नियमाने ती इंजिनाची बोट. मग वरचा तीन रंगी दिवा बंद करायचा. खालचे लाल-हिरवे, मागचा पांढरा आणि डोलकाठीवर पुढच्या बाजूने २२५ अंशांत दिसणारा पांढरा दिवा लावायचा. पुन्हा बेरीज बघा, २२५ + १३५ = ३६०. नांगर टाकला की चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा.

आमच्या वर्गात एकाने विचारलं, "सगळेच लावले तर जास्त सुरक्षित नाही का?" नाही. वरचे आणि खालचे दिवे एकदम लावले तर समोरच्याला ही एक बोट की दोन, तेच कळत नाही.

एलईडी हवा तरी कशाला? गणित करा

जुन्या तीन रंगी दिव्यात सर्रास २५ वॉटचा बल्ब असतो. बोटीची बॅटरी १२ व्होल्टची. रात्र १२ तासांची धरा.

- जुना बल्ब: २५ × १२ = ३०० वॉट-तास. १२ व्होल्टने भागलं की २५ अँपिअर-तास.
- एलईडी, समजा २.५ वॉट: २.५ × १२ = ३० वॉट-तास, म्हणजे २.५ अँपिअर-तास.

१०० अँपिअर-तासांची साधी शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये असं म्हणतात. म्हणजे हाताशी ५०. जुन्या बल्बावर त्या दोन रात्रीत संपतात, एलईडीवर वीस रात्री जातील. आणि बॅटरी संपली की वायरलेसही बंद. तेव्हा एलईडी लावणं चूक नाहीच. चूक कुठे झाली ते पुढच्या दोन कृतींत दिसतं.

कृती २: दोन टॉर्च आणि एक लाल कागद

वर्गाच्या खिडक्या लावून घ्या. जुन्या बल्बच्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागद धरा आणि पांढऱ्या भिंतीवर उजेड पाडा. मग तोच कागद मोबाईलच्या टॉर्चवर धरा. कागद नसताना मोबाईलचा उजेड कितीतरी जास्त असतो. कागद धरल्यावर मात्र त्याचा लाल रंग अपेक्षेपेक्षा फिका पडतो. कागद पातळ असेल तर गुलाबीच दिसतो.

कारण असं: लाल काच रंग तयार करत नाही. येणाऱ्या उजेडातला लाल तेवढा पुढे सोडते आणि बाकीचा अडवते. तापलेल्या तारेच्या उजेडात लाल भरपूर असतो. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा उजेड तयार होतो, त्यावरच्या पिवळसर लेपामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. (हा निळा एलईडी शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, हेही मुलांना सांगा.) त्यात लाल कमी असतो. मग काच पुढे सोडणार तरी काय? हिरव्या काचेतूनही असा उजेड निळसर होऊ शकतो. नियमांत तर लाल कुठला आणि हिरवा कुठला याच्याही सीमा आखून दिलेल्या आहेत.

म्हणून लाल-हिरवे दिवे वेगळे असतील तर लाल काचेमागे लाल एलईडी आणि हिरव्या काचेमागे हिरवा एलईडी लावतात. तीन रंगी कंदिलात ते जमत नाही, कारण एकच बल्ब तिन्ही काचांमागे असतो.

कृती ३: सावलीची कड

पुस्तक भिंतीजवळ धरा आणि लांबून मोबाईलच्या टॉर्चचा उजेड टाका. सावलीची कड धारदार येते. आता ट्यूबलाईटसमोर तेच पुस्तक धरा. कड पुसट होते. उजेडाचा उगम जितका रुंद, तितकी कड पुसट.

तीन रंगी कंदिलात हीच भानगड होते. जुन्या बल्बची तार उभी आणि बारीक असते आणि बरोबर मध्यावर बसते. काचांच्या कडा त्या तारेच्या हिशेबाने कापलेल्या असतात. बाजारातल्या एलईडी बल्बावर चहूबाजूंना ठिपके चिकटवलेले असतात, म्हणजे उगम रुंद झाला. मग लाल कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो ती रेघ पसरते. नियम सांगतो की नाळेच्या बाजूला हे दिवे आपल्या हद्दीबाहेर १ ते ३ अंशांच्या आत विझल्यासारखे व्हायला हवेत. कोनमापकावर ३ अंश किती ते मुलांना दाखवा. तेवढंसं अंतर, आणि समोरचा त्यावरून ठरवतो की बोट अंगावर येतेय की बाजूने जाणार आहे.

किती प्रखर हवा?

यासाठी बोटीची लांबी बघायची. १२ मीटरपेक्षा लहान बोटीचे लाल-हिरवे दिवे किमान १ सागरी मैलावरून दिसायला हवेत, मागचा दिवा आणि इंजिनावरचा पुढचा दिवा २ मैलांवरून. १२ मीटरपासून पुढे २० मीटरच्या आत असेल तर बाजूचे आणि मागचा २ मैल, इंजिनावरचा पुढचा ३ मैल. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर.

उदाहरणाला मी 'म्हादेई' घेतली. गोव्यात बांधलेली ही ५६ फुटी, म्हणजे साधारण १७ मीटरची शिडाची बोट घेऊन कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. मैदानावर दोरीने १७ मीटर मोजलं. एवढी बोट कुठल्या गटात बसते, ते मुलांनीच सांगितलं.

प्रखरता कँडेलामध्ये मोजतात. १ मैलासाठी ०.९, २ मैलांसाठी ४.३ आणि ३ मैलांसाठी १२ कँडेला. अंतर दुप्पट झालं की प्रखरता चौपट लागते असं आपण शिकवतो. पण इथे ४.३ भागिले ०.९ केलं की पावणेपाचच्या आसपास येतं. जास्तीचं कुठे गेलं? वाटेतली हवा थोडा उजेड खाते, त्याची भरपाई यात धरलेली आहे. मात्र दिवा डोळे दिपवणारा नको, हेही नियमात आहे. "जितका प्रखर तितका चांगला" असं इथे चालत नाही.

अजून एक, शिडाची बोट वाऱ्याने कलंडते. म्हणून तिच्या दिव्याचा उजेड आडव्या रेषेच्या वर-खाली २५ अंशांपर्यंत किमान निम्मा तरी मिळायला हवा. एलईडीला भिंगं लावून उजेड एका पट्ट्यात गोळा करता येतो, पण पट्टा फार अरुंद झाला तर बोट कलली की दिवा आकाशाला किंवा पाण्यालाच दिसणार.

कृती ४: रेडिओची खरखर

जुन्या रेडिओवर मध्यम लहरींचं लांबचं स्टेशन लावा आणि जवळ एखादा स्वस्त एलईडी बल्ब लावा-बंद करा. बऱ्याचदा खरखर वाढलेली ऐकू येते. बल्बातलं छोटं सर्किट प्रवाह भराभर चालू-बंद करतं, त्यातून हा गोंगाट निघतो.

डोलकाठीच्या टोकावर दिव्याशेजारीच बहुतेक वेळा वायरलेसची अँटेना असते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याचसाठी सावधगिरीची सूचना काढली होती. तपासणी सोपी आहे. सगळे एलईडी बंद करा, वायरलेस शांत चॅनलवर लावा, स्क्वेल्चचं बटण खरखर जेमतेम बंद होईल तिथे ठेवा. मग एकेक दिवा लावा. खरखर परत आली तर तो दिवा वायरलेसचं ऐकणं कमी करतोय.

तर मग बदलताना काय बघायचं?

आपल्यातले काही पालक बोटीवर काम करतात, त्यांच्यासाठी हे नीट लिहिते.

१. नुसता बल्ब बदलण्यापेक्षा एलईडीसाठीच बनवलेला पूर्ण कंदील घ्या. प्रमाणपत्र कंदील आणि आतला बल्ब या जोडीला मिळालेलं असतं. आतला बल्ब बदलला की ते प्रमाणपत्र त्या दिव्याला लागू राहतंच असं नाही.
२. बल्बच बदलायचा असेल तर कंदील बनवणाऱ्याने त्याच कंदिलासाठी मान्य केलेलाच घ्या. माप जुळलं, बसला, एवढं पुरत नाही.
३. दिव्यावर किंवा कागदावर किती मैल, किती अंश आणि किती लांबीच्या बोटीसाठी हे लिहिलेलं आहे का ते बघा.
४. कुठली मान्यता चालेल हे बोट ज्या देशात नोंदलेली आहे तिथलं प्राधिकरण ठरवतं. खरेदीआधी नोंदणीच्या कार्यालयात विचारा, आणि कागद बोटीवरच ठेवा.
५. बॅटरी चार्ज होताना १२ व्होल्टच्या बोटीत १४ व्होल्टच्या वर दाब जातो. तो सोसणारा दिवा घ्या. एलईडीला अधिक-उणे बाजू असते, तारा उलट जोडू नका.
६. बटणं अशी जोडा की शिडाचे आणि इंजिनाचे दिवे चुकून एकदम लागणार नाहीत.
७. बसवल्याची तारीख लिहून ठेवा. जुना बल्ब उडाला की लगेच कळतं. एलईडी वीज तेवढीच घेतो, पण हळूहळू मंद होत जातो. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००७ मध्ये जहाजांच्या दिव्यांबाबत ठरवलं की प्रखरता घसरल्याची सूचना देणारी सोय तरी असावी, नाहीतर बनवणाऱ्याने सांगितलेल्या आयुष्यापुरताच एलईडी वापरावा. लहान बोटींनीही ही सवय लावून घ्यायला हरकत नाही.

मूल्यमापनासाठी प्रश्न

- तुम्हाला उजवीकडे फक्त हिरवा दिवा दिसतो. त्या बोटीची कुठली बाजू तुमच्याकडे आहे?
- शिडं उभी आहेत आणि इंजिनही गिअरमध्ये चालू आहे. कुठला दिवा बंद करायचा?
- २५ वॉटच्या बल्बऐवजी ३ वॉटचा दिवा लावला, तर १० तासांत किती वॉट-तास वाचतील?
- पांढरा एलईडी लाल काचेमागे फिका का दिसतो? कृतीत काय पाहिलं ते लिहा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पाठ केलेलं नको, पाहिलेलं हवं. आमच्याकडे एकाने लिहिलं, "काचेला लाल मिळालाच नाही तर ती देणार कुठून?" मी पूर्ण गुण दिले.

आता त्या बाबांचं सांगते. मालकाला एवढा महाग कंदील आधी पटत नव्हता. एका बल्बच्या कितीतरी पट किंमत. पण डिसेंबरची गोष्ट पुन्हा सांगितल्यावर तो तयार झाला. नवीन कंदील बसवल्यावर पहिल्याच संध्याकाळी, बोट बंदरात बांधलेली असतानाच, या बाबांनी छोटी होडी काढली आणि बोटीभोवती अख्खी फेरी मारली. लाल कुठे संपतो, हिरवा कुठे सुरू होतो, मागून फक्त पांढराच दिसतो ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आमची मुलं वर्तुळावरून फिरली तसंच. आता महिन्यातून एकदा ही फेरी ते मारतातच.

माझ्या वर्गातला तक्ता अजून आहे. "एलईडी लावा, वीज वाचवा" या ओळीखाली त्यांच्या मुलीने खडूने लिहिलंय: "आणि दुसऱ्याला काय दिसतं ते बाहेर जाऊन बघा." समुद्र जवळ नसला तरी हा पाठ तुमच्या मैदानावर होईल. दोरी, चुना आणि एक टॉर्च पुरे. करून बघा.